पान किती वेळ ओले होते? द्राक्षबागेतील सेन्सर आणि त्यामागचे विज्ञान

सावळजची_लेक

नमस्कार. तासगाव तालुक्यातील सावळज येथे आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग वडील आणि धाकटा भाऊ पाहतात. मी सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी बागेत असते. मागील हंगामात फळछाटणीच्या (घड येण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या) आधी भावाने बागेत स्वयंचलित हवामान केंद्र बसवून घेतले. लोखंडी खांबावर सौरपट्टी, पर्जन्यमापक आणि तापमान व आर्द्रता मोजणारी डबी आहे, जमिनीत दोन खोलींवर ओलावा मोजणारे सेन्सर पुरलेले आहेत, आणि पानाच्या आकाराची एक पांढरी पट्टी आहे, जी पान किती वेळ ओले राहिले ते मोजते. नोंदी दर तासाला मोबाइलवर येतात आणि त्यांवरून डावणी या द्राक्षावरील रोगाचा धोका कमी, मध्यम की जास्त, हेही कळवले जाते.

छाटणीनंतरच्या ३२व्या दिवशी, घड दोडा अवस्थेत, म्हणजे फुलण्याआधीच्या कळीच्या अवस्थेत, असताना, जे घडले त्यासाठी हा धागा काढत आहे. रात्री पाऊस नव्हता, पण दव भरपूर पडले होते. वडील नेहमीप्रमाणे उजाडण्यापूर्वी बागेत गेले, मांडवाखाली हात घालून पाने चाचपली आणि परत येऊन म्हणाले, की ओढ्याकडच्या ओळींत पाने निथळत आहेत, आज औषध घेतलेच पाहिजे. मोबाइलवर मात्र पान जेमतेम अर्धा तास ओले होते आणि धोका कमी होता. भावाने यंत्रावर विश्वास ठेवला. मीही त्याच्याच बाजूने बोलले, हे येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या दिवशी वडिलांनी आमच्या दोघांच्या शिक्षणाचा मान राखून ब्लोअर (फवारणीचे यंत्र) बाहेर काढला नाही. आठवड्याभरात खालच्या ओळींत पानांवर तेलकट डाग दिसले आणि पाठोपाठ घडांवर डावणी उतरली. अकरा ओळींतील बराचसा माल गेला.

यंत्र काढून टाकावे असे माझे म्हणणे नाही. पण ती पांढरी पट्टी नेमके काय मोजते आणि ती का चुकली असावी, हे मला समजून घ्यायचे आहे. हे शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), जीए (जिबरेलिक ॲसिड), सीसीसी (वेलीची वाढ रोखणारे रसायन), डॉगरिजचा खुंट (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात तो मुळाकडचा वेल) हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि यांपैकी एकाही गोष्टीचा शोध कसा लागला हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नीट सांगू शकत नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कवठेकर

ताई, मी मूळचा कवठे महांकाळचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतो आणि अशा प्रकारच्या सेन्सरांशी माझा रोजचा संबंध आहे. उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो: खांब बागेत नेमका कोठे उभा आहे, आणि पट्टीच्या वर काय आहे?

सावळजची_लेक

खांब बागेच्या वरच्या बाजूला, रस्त्यालगतच्या मोटारीच्या खोलीला लागून आहे. आमच्या भागात केबल आणि मोटारी चोरीला जातात, म्हणून भावाने तो मुद्दाम खोलीजवळ बसवून घेतला. पट्टी खोलीच्या पुढे आलेल्या पत्र्याखाली येते. त्या वेळी आम्हाला ते बरेच वाटले, कारण पाऊस आणि ऊन यांपासून तिचे रक्षण होईल अशी आमची समजूत होती.

कवठेकर

मग पट्टीने तुम्हाला खोटे सांगितलेले नाही. तिने पत्र्याखालच्या पट्टीचा ओलावा मोजला आणि तोच कळवला.

पट्टीच्या आत तांब्याच्या बारीक रेषा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतवलेल्या असतात आणि त्यांत अतिशय वेगाने बदलणारे विद्युत क्षेत्र निर्माण केले जाते. हे क्षेत्र पट्टीच्या पृष्ठभागाच्या किंचित वर येते. तेथे हवा असेल तर एक वाचन मिळते आणि पाणी असेल तर फार वेगळे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते, त्यामुळे विद्युत क्षेत्र बदलले की पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळतात. या गुणधर्माचा आकडा हवेसाठी १ आणि पाण्यासाठी सुमारे ८० असतो. कोरड्या मातीचा आकडा ३ ते ५ च्या आसपास असतो, म्हणून मातीत थोडे पाणी वाढले तरी एकूण आकडा झपाट्याने वाढतो. तुमच्या जमिनीत पुरलेले सेन्सर याच तत्त्वावर चालतात. मातीचा हा विद्युत गुणधर्म मोजून तिच्यातील पाणी किती ते सांगता येते, हे १९८०च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी प्रयोगांनी पक्के केले, आणि आज ठिबकची मोटार केव्हा सुरू करावी हे ज्या आकड्यावरून ठरवले जाते त्याचे मूळ तेथे आहे.

थोडक्यात, मोजणीचे तत्त्व भक्कम आहे. प्रश्न जागेचा आहे, आणि तुमच्या बाबतीत जागा दोन कारणांनी चुकली. पहिले कारण पत्रा. दुसरे कारण उतार. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते. थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि ओढ्याच्या खळग्यात साचते. वरच्या ओळी आणि खालच्या ओळी यांत त्यामुळे पहाटे दोन-तीन अंशांचाही फरक पडू शकतो, आणि दव पडण्यासाठी तेवढा पुरतो. सकाळी सूर्य वर आला तरी दाट मांडवाच्या आतली पाने लवकर वाळत नाहीत. वडिलांचा हात बरोबर त्याच जागी गेला होता.

शासनाच्या महावेध प्रकल्पातील स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. एका मंडळात अनेक गावे येतात. पीकविम्यासाठी आणि सर्वसाधारण अंदाजासाठी ती उपयोगी आहेत, मात्र तुमच्या ओढ्याकाठच्या ओळीतील पानाबद्दल ती काही सांगू शकणार नाहीत. पुढच्या आठवड्यात दुसरी पट्टी खालच्या ओळीत, मांडवाच्या आत, घडांच्या उंचीवर, थोडी तिरकी लावा, आणि तिच्या वर वेलीच्या पानांखेरीज दुसरे काही येऊ देऊ नका.

मिरजेचे_गुरुजी

कवठेकरांनी पत्र्याचा उल्लेख करून पुढे जाणे पसंत केले, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे, म्हणून मी त्याबद्दल थोडे लिहितो. मी चौतीस वर्षे पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवले.

दव आकाशातून पडते असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात ते हवेतील बाष्पातून, थंड झालेल्या पृष्ठभागावर तयार होते. पान रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे टाकत असते, आणि निरभ्र आकाश तिच्यातली फार थोडी परत देते, म्हणून पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पानावर पत्रा, झाड किंवा ढग आला, की ते आच्छादन काही उष्णता परत पाठवते, आणि पान तितके थंड होत नाही. अंगणात उघड्यावर लावलेली गाडी पहाटे भिजलेली असते आणि झाडाखालची कोरडी, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. लंडनमधील एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स, यांनी १८१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात हे प्रयोगाने दाखवले. त्यांनी एक फळी खांबांवर आडवी उभारली, फळीच्या वर आणि खाली सारख्याच वजनाचे लोकरीचे पुंजके रात्रभर ठेवले आणि सकाळी ते तोलले. वरच्या लोकरीने खालच्या लोकरीपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरले होते. ताई, तुमच्या भावाच्या खोलीचा पत्रा म्हणजे वेल्स यांची फळी, आणि तुमची पट्टी म्हणजे फळीखालची लोकर. हा प्रयोग तुमच्या वर्गातील मुले एका रात्रीत, कापूस आणि घरचा लहान तराजू घेऊन करू शकतील.

आता डावणीकडे वळतो. आपण तिला बुरशी म्हणतो, परंतु वर्गीकरणाच्या दृष्टीने ती खरी बुरशी नाही. तपकिरी शेवाळांशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. तिचे बीजाणू पानावर पाण्याचा थर असेल तेव्हा फुटतात आणि त्यांतून दोन शेपट्यांचे सूक्ष्म जीव बाहेर पडून अक्षरशः पोहत पानाच्या रंध्रांपर्यंत जातात. पानाच्या खालच्या बाजूला रंध्रे जास्त, म्हणून पांढरी वाढही खालीच दिसते. तापमान वीस-पंचवीस अंश असेल तर दोन-तीन तासांचा ओलावाही या प्रवासाला पुरतो. एकदा तो जीव रंध्रातून आत गेला, की वरून मारलेले स्पर्शजन्य औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या कारणाने पान किती वेळ ओले होते हा आकडा इतका मोलाचा आहे. आर्द्रतेचा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही. भुरीचे, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या रोगाचे, तसे नाही. तिला पोहायचे नसते, म्हणून पानावर पाणी नसतानाही ती वाढते.

डावणी मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील द्राक्षवेली मुळांवरील फायलोक्सेरा नावाच्या किडीने मरू लागल्या, तेव्हा त्या किडीला न जुमानणारे अमेरिकन खुंट तेथे नेण्यात आले, आणि १८७८च्या सुमारास डावणीही तेथे दिसू लागली. बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचे निळसर, किळसवाणे दिसणारे मिश्रण शिंपडण्याची पद्धत होती. वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर-मारी-अलेक्सी मियार्दे यांनी १८८२मध्ये पाहिले, की रस्त्याकडेच्या या वेलींची पाने हिरवी आहेत आणि आतल्या ओळींची गळून गेली आहेत. त्यांनी तीन वर्षे प्रयोग केले आणि १८८५मध्ये मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. चोरांच्या भीतीने तेथे एक औषध सापडले आणि तुमच्याकडे एक सेन्सर चुकीच्या जागी गेला. मियार्दे यांनी ओळींमधला फरक डोळ्यांनी पाहिला म्हणून औषध सापडले, आणि तुमच्या वडिलांनीही तोच फरक हाताने पाहिला होता, हे मला सारखे जाणवत राहते.

बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे हेच मिश्रण, करताना आपण त्यात विळा बुडवतो आणि पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतो. यामागे साधे रसायन आहे. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असते, त्यामुळे द्रावणात मोकळे तांबे शिल्लक असेल तर लोखंड विरघळून तांबे पात्यावर बसते. मोकळे तांबे पाने जाळते. चुना पुरेसा असेल तर तांबे न विरघळणाऱ्या स्वरूपात पानाला चिकटून राहते आणि ओलावा आला की थोडे थोडे सुटते. अर्थात तांबे नाहीसे होत नाही, ते मातीत साचते. युरोपीय संघाने २०१९पासून सात वर्षांत हेक्टरी एकूण २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोर्डो मारलेल्या बागांच्या मातीत तांबे किती आहे, हे प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

येरळाकाठ

गुरुजींना नमस्कार. ताई, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले. माझी बाग येरळा नदीच्या काठावर आहे आणि मी तीस वर्षे द्राक्ष करतो. जीए आणि सीसीसी यांची गोष्ट मी सांगतो, कारण ती मी अंगावर घेतली आहे.

आपल्याकडे थॉमसन सीडलेस ही द्राक्षाची जात आली, आणि तिच्यातच आपोआप बदल होऊन तास-ए-गणेश मिळाली. हा बदल आपल्याच तासगाव तालुक्यात, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत हेरला गेला. या जाती बिनबियांच्या. मण्यात बी धरते, पण लहान असतानाच वाढायची थांबते. आता मणी मोठा व्हायला लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक मुख्यतः बियांतून तयार होते. बी नाही म्हणून संप्रेरक कमी, आणि म्हणून मणी बारीक. आपण घड जीएच्या द्रावणात बुडवतो तेव्हा बियांनी जे द्यायचे होते ते बाहेरून देत असतो. कृषी महाविद्यालयातील एका अभ्यासकाने मला हे समजावून सांगितले, त्याआधी वीस वर्षे मी डिपिंग करत होतो आणि मणी का फुगतो हे मला माहीत नव्हते.

जिबरेलिन सापडले भाताच्या रोगातून. जपानमध्ये भाताची काही रोपे वेड्यासारखी उंच वाढत, पिवळी पडत आणि दाणा न भरता मरत. शेतकरी त्यांना वेडे रोप म्हणत. एइची कुरोसावा यांनी १९२६मध्ये दाखवले, की ज्या बुरशीमुळे हा रोग होतो तिचा गाळलेला रस निरोगी रोपांना दिला तरी ती तशीच उंच होतात, म्हणजे बुरशी काहीतरी रसायन सोडते. तेइजिरो याबुता यांनी १९३५मध्ये त्या रसायनाला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले, की हेच संप्रेरक वनस्पती स्वतःही तयार करतात. हरितक्रांतीतील बुटका गहू बुटका राहतो, त्याचे कारण त्याचे जनुक या संप्रेरकाचा संदेश फारसा मानत नाही. एका रोगट रोपातून आपला घड आणि आपली पोळी दोन्हींपर्यंत येणारा हा धागा मला फार मोठा वाटतो.

जीए पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ते आधी अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवावे लागते, आणि द्रावण थोडे आम्लधर्मी ठेवावे लागते. दहा पीपीएम म्हणजे हजार लिटर पाण्यात दहा ग्रॅम. एवढ्याशा मात्रेने पाकळी, म्हणजे घडाची उपशाखा, लांबते आणि घड मोकळा होतो. मात्रा किंवा दिवस चुकला, तर घड बिघडतो आणि तो हंगाम परत येत नाही. एक व्यवहाराची बाब येथेच सांगतो: डिपिंगच्या दिवशी आपण स्वतःच्या हाताने घड ओले करतो, त्यामुळे ते संध्याकाळी उशिरापर्यंत चालवू नये. रात्रीच्या दवाला आपणच आणखी काही तास जोडून देतो.

सीसीसी उलटे काम करते. ते वेलीला जिबरेलिन तयार करू देत नाही, म्हणून शेंड्याची वाढ थांबते आणि काडीत घड धरायला मदत होते. खरड छाटणीनंतर (नव्या काड्या तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर) आम्ही सगळेच ते मारत होतो. त्याचा अंश वेलीत राहून पुढच्या फळात उतरतो, याची आम्हाला कल्पना नव्हती. २०१०मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशोब करून पाहा: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. रेणूंना विद्युतभार देऊन, त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे त्यांना वेगळे करणारी यंत्रे एवढे अल्प प्रमाणही पकडतात. त्या वर्षी माझा माल निर्यातीसाठी पॅक होऊन निघाला होता. मिळाली ती रक्कम औषधाच्या उधारीलाही पुरली नाही, आणि थोरल्या मुलीचे लग्न आम्हाला एक वर्ष पुढे ढकलावे लागले.

हे एवढ्यासाठी सांगितले, की पट्टीवर राग धरून पुन्हा दर चार दिवसांनी फवारणी सुरू करू नका. न लागणारी प्रत्येक फवारणी म्हणजे खर्च, तांबे आणि अंश. माझ्याकडे तीन वर्षे सेन्सर आहे. पहिले वर्ष मी त्याचे ऐकून काहीच केले नाही, फक्त त्याच्या नोंदी आणि माझ्या वहीतील नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या. दुसऱ्या वर्षापासून फवारण्या कमी करायला सुरुवात केली.

पाचगणीचा_स्ट्रॉबेरीवाला

आमच्याकडे सातारा जिल्ह्याच्या या बाजूला दवापेक्षा धुके अधिक त्रास देते. जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंगवर फळ टेकलेले असते, सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही, आणि फळावर करडी बुरशी चढते. धुक्यात पत्र्याखालची पट्टीही भिजेल ना? आणखी एक प्रश्न आहे. हल्ली मोबाइलने पानाचा फोटो काढला की रोग ओळखून दाखवणारी ॲप आली आहेत. त्यांवर कितपत विसंबावे?

कवठेकर

होय, धुक्यात पाण्याचे थेंब हवेतच तरंगत असतात आणि वाऱ्याबरोबर कोणत्याही पृष्ठभागावर बसतात, म्हणून धुक्याच्या गावी आच्छादनाचा फरक कमी पडतो. तरीही पट्टी फळाच्या उंचीवर, मल्चिंगजवळ असावी.

फोटोचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अशी ॲप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या पद्धतीवर चालतात तिला हजारो फोटो आणि प्रत्येकाचे उत्तर दाखवले जाते, आणि ती त्यांतून रंग, कडा, पोत यांचे नमुने स्वतः शोधते. या क्षेत्रात प्लांटव्हिलेज नावाचा, चौपन्न हजारांहून अधिक फोटोंचा संग्रह फार वापरला गेला आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या संग्रहातीलच बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ओळख ९९ टक्क्यांहून अधिक बरोबर आली, पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती एकतृतीयांशाहूनही खाली उतरली, आणि अभ्यासकांनी हे स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले. संग्रहातील बहुतेक पाने तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. मांडवातले पान सावलीत असते, मागे दुसरी पाने असतात आणि त्याच्यावर बोर्डोचे निळे डाग असतात. त्याहून मोठी अडचण द्राक्षवाल्यांनी लक्षात घ्यावी. त्या संग्रहात द्राक्षाचे तीन रोग आणि निरोगी पान आहे, पण त्यात डावणी नाही आणि भुरीही नाही. केवळ त्या संग्रहावर शिकलेल्या ॲपला तुम्ही डावणीचे पान दाखवले, तर ते त्याला माहीत असलेल्या चारांपैकीच एक नाव सांगेल, कारण पाचवे नाव त्याच्याकडे नाही. ॲप घेण्यापूर्वी त्याला कोणकोणते रोग शिकवले आहेत आणि फोटो कोठल्या बागांतील आहेत, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

धोका कमी की जास्त हे सांगणाऱ्या गणितालाही हेच लागू आहे. इटलीत डावणीसाठी दहा-दहा-दहाचा एक जुना नियम आहे: तापमान किमान १० अंश, एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस आणि १० सेंटिमीटर लांबीची फूट. तेथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते आणि रोग जमिनीत पडलेल्या पानांतून वसंतात पुन्हा उठतो, म्हणून पहिली लागण केव्हा होईल हे या नियमाने बऱ्यापैकी कळते. सांगलीत ऑक्टोबरच्या रात्रीही तापमान दहाच्या खूप वर असते, आपला वेल पूर्ण झोपत नाही, आणि शेजारच्या न छाटलेल्या बागेतून बीजाणू केव्हाही येतात. ताई, तुमच्या यंत्रामागचे गणित कोणत्या प्रदेशातील बागांवर पडताळून पाहिले आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले आपल्या हवामानासाठी असतात; ते शेजारी ठेवून पाहा.

मिरजेचे_गुरुजी

पाचगणीकरांना एक जोड देतो. तुमच्या शेजारी महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे तांबेरा रोगावर, काम करणारे कृषी संशोधन केंद्र आहे. गेरव्याचे बीजाणूही वाऱ्यावर दूरवर जातात आणि ओल्या पानावरच रुजतात, त्यामुळे पान, पाणी आणि तास यांचा हिशोब सह्याद्रीच्या माथ्यावर अनेक वर्षे मांडला जात आहे.

सावळजची_लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थोडा उशीर झाला, कारण लिहिण्यापूर्वी मला या वर्षीच्या काही नोंदी हाती हव्या होत्या.

गुरुजींनी सांगितलेला प्रयोग नववीच्या मुलांनी शाळेच्या मैदानावर केला. दोन विटांवर पाट ठेवून, सारख्या वजनाचे कापसाचे बोळे वर आणि खाली ठेवले आणि सकाळी तोलले. वरचा बोळा पिळला तर पाणी निघत होते. खालचा हाताला नुसता गार लागत होता. तो कापूस मी घरी नेऊन भावाच्या हातात दिला. त्याच दिवशी त्याने खांब पत्र्यापासून दूर केला, आणि कवठेकरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी पट्टी ओढ्याकडच्या तिसऱ्या ओळीत, मांडवाच्या आत लावली. विक्रेत्याला लेखी विचारणा केली आहे.

येरळाकाठ दादांचे ऐकून या वर्षी आम्ही केवळ तुलना करत आहोत. फवारणीचा निर्णय वडील घेतात. छाटणीनंतरच्या विसाव्या दिवसापासून ते पहाटे पाने पाहून वहीत ओले, दमट किंवा कोरडे असे लिहितात, आणि रात्री भाऊ दोन्ही पट्ट्यांचे आकडे त्याच ओळीत लिहितो. चौदा दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत. वरच्या पट्टीशी वडिलांची नोंद आठ दिवस जुळली, खालच्या पट्टीशी तेरा दिवस.

जो एक दिवस जुळला नाही, त्या दिवशी वडिलांनी कोरडे लिहिले होते आणि खालची पट्टी रात्री एक वाजून वीस मिनिटांपासून पहाटे पाचपर्यंत ओली होती. पहाटे वारा सुटला होता आणि ते बागेत पोहोचेपर्यंत पाने वाळली होती. त्यांनी ती नोंद दोनदा वाचून घेतली, ब्लोअर भरायला सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून वहीत पान ओले होण्याची वेळ लिहिण्यासाठी आणखी एक रकाना आखला.